दाजींच्या कमरेची सुपारी

माझ्या बहिणीला, शालनला, तिच्या नवऱ्याने फसवलं. एजंटाने नाही, आखातातल्या मालकाने नाही, तिथल्या सरकारनेही नाही. कसबा बावड्यात राहणाऱ्या माझ्या दाजींनी फसवलं, आणि त्यासाठी परक्या देशाच्या कायद्याचं नाव वापरलं. शालन वारली त्याला दीड महिना होत आला. गप्प बसावं असं घरचे सांगतात. मी आयुष्यभर मार्केट यार्डात गुळाचा भाव करत आलो, गप्प बसून काय पदरात पडतं ते मला माहीत आहे.

बातमी आली तेव्हा सौदे चालू होते. गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, सुरी लावून मी रंग बघत होतो, तेवढ्यात फोन वाजला. शालन आखातात ज्या घरी कामाला होती, तिथेच स्वयंपाकाचं काम करणारी लीला नावाची केरळची बाई बोलत होती. "भैया, शालन उठ नहीं रही..." मी भर यार्डात तिच्यावर ओरडलो, "मग उठवा की तिला! बोलत काय बसलाय?" ती बिचारी मराठी न कळूनही "हां भैया, हां भैया" करत राहिली. शालन झोपेतच गेली होती. ज्या म्हातारीला न्हाऊ-खाऊ घालायला शालनला ठेवली होती, ती म्हातारी चाकाच्या खुर्चीतून येऊन तिच्या पायाशी बसली आणि कुणी हलवलं तरी हलेना, असं लीलाने नंतर सांगितलं.

दाजींची फौंड्रीतली नोकरी सुटली तेव्हा शालन इथे एका दवाखान्यात आया होती. रोग्याला कुशीवर कसं वळवायचं, रागावलेल्या म्हाताऱ्याला घास कसा भरवायचा, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. पोरं लहान होती. दोन वर्षांसाठी म्हणून आखातात गेली आणि तिथलीच झाली. तिच्या पैशावर पोरं शिकली, उसाच्या रानात पाडलेल्या प्लॉटवर घर उभं राहिलं. मध्ये एकदा, आमची आई गेली तेव्हा, ती चार दिवस आली होती. आईच्या बाजेवर बसून मला म्हणाली, "दादा, तिकडं मी दुसऱ्याच्या आईचं पाय चेपतोय आणि हितं..." मालकाने विनातक्रार रजा दिली होती, ती परत गेली, तिच्या व्हिसाला काहीही झालं नाही. हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

कारण घर बांधून झाल्यावर तिने वास्तुशांतीला यायचं ठरवलं, तर दाजी म्हणाले, "आत्ता नगं. तिकडं बाहेरच्या माणसांस्नी काढायला लागल्यात, टीव्हीवर दाखवतात की. आलीस तर परत घेणार न्हाईत." मी म्हणालो, "दाजी, आईच्या वेळी आलती की." तर म्हणे, "तवाचं येगळं हुतं. आता कायदं कडक झाल्यात." झालं. पूजेला यजमान म्हणून दाजी बसले, शेजारचा पाट रिकामा. बायको हजर नसेल तर यजमानाच्या कमरेला सुपारी खोचतात, तीच बायको समजायची आणि पूजा पुढे न्यायची. मी गुरुजींवरच तडकलो, "माणूस जित्तं हाय, आणि तुम्ही सुपारी लावताय?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "शास्त्रात सोय आहे." मी विचारलं, "कुणाची सोय?" दाजींनी हात धरून मला मांडवाबाहेर नेलं.

शालन व्हिडिओ कॉलवर होती. भाचीने फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. मी बाहेर फोन मागवून बोललो, तर ती हसत होती. "दादा, सुपारीला कुकू लावलंसा का? जेवायला वाढा म्हणावं तिला. बसून बसून दमली असंल." मी म्हणालो, "शाले, तिकीट मी काढतो. उद्या नीघ." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गा."

भाचीच्या लग्नात पुन्हा तेच. पुन्हा टीव्ही, पुन्हा कायदा, पुन्हा तीच सुपारी. कन्यादान सुपारीने केलं.

त्या लग्नाआधी दाजी आणि मी शिरोलीला एका चहाच्या गाड्यावर बसलो होतो. शेजारच्या बाकावर फौंड्रीतले ओडिशाचे कामगार, एकजण फोनवर आपल्या आईला चहाचा ग्लास दाखवत होता. दाजी मोठ्याने सुरू झाले, "बाहेरची लोकं आणून भरल्यात. आपल्या पोरांनी काय करायचं? गाडीत घालून लावून द्यायला पायजेत." मी विचारलं, "दाजी, शालन तिकडं कोण हाय? त्यांची लेक हाय, का सून?" चहावाला हसला. दाजींचा चेहरा पडला. "तिचं येगळं हाय. ती कामाला गेल्या." मी त्या पोरांकडे बोट केलं, "आणि ही काय जोतिबाच्या चैत्र यात्रेला आल्यात व्हय?"

दाजींना बायको नको होती असं मी म्हणणार नाही. ती तिकडे असलेलीच त्यांना सवयीची झाली होती. पण मला वाटायचं, शालनला तो कायद्याचा धाक खरा वाटतो. लग्नानंतर फोनवर मी तिला समजावायला लागलो, तर तिने मला मध्येच तोडलं.

"दादा, मला ठावं हाय. लीला दरसाल जाऊन येत्या. मालक सवता मला म्हणतोय, जा. व्हिसा कुठं जात न्हाय."

"मग ये की!"

ती म्हणाली, "कायदा सोडंना म्हटलं की कोण काय इचारत न्हाय. लीलाबी इचारत न्हाय. घरचीच नगं म्हणत्यात, हे कुणाला सांगायचं?"

शेवटी ती आपल्या नव्या घरात आली ती पेटीतून. हॉलमध्ये पेटी ठेवायला सोफा सरकवावा लागला. नंतर दहा-बारा दिवस मी तिथे बसून होतो. दोरीवर तिचं एक लुगडं नाही, दारात चप्पल नाही, स्वयंपाकघरात तिच्या हाताने ठेवलेला एक डबा नाही. जाऊन कुठे बसावं, म्हणजे तिच्याजवळ बसल्यासारखं होईल, ते कळेना. भाचीने देव्हाऱ्यातला पितळी करंडा उघडून दाखवला. आत तीच सुपारी, वास्तुशांतीचं आणि लग्नाचं कुंकू तिच्या खाचांत वाळलेलं. "मामा, आईची," म्हणाली.

ती सुपारी मी उचलून आणली. दाजी बघत होते. आज ती माझ्या पेढीवर गल्ल्यात आहे, दिवसातून चारदा हाताला लागते.

दाजी, पेपरची ही पुरवणी तुमच्या घरी येते आणि चहाबरोबर तुम्ही ती वाचता. शालन आली तर तिला परत घेणार नाहीत, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं, त्या माणसाचं नाव सांगा. मी त्याच्या दारात जातो. आणि कुणीच सांगितलं नसेल, तर तसं माझ्यासमोर, पोरांसमोर, आपल्या तोंडाने बोला. सुपारी इथेच आहे. उत्तर द्या आणि घेऊन जा.