नबीचाचांची दोन मिनिटं

आष्ट्याच्या आमच्या लाल बावट्याच्या शाखेची एकही बैठक नबीचाचांच्या दुखवट्याशिवाय सुरू झाली नाही. गाद्या भरणारा हा माणूस मिशीतल्या कापसासकट सगळ्यांत आधी उठायचा, मेलेल्यांची नावं वाचायचा आणि आम्हाला दोन मिनिटं गप्प उभं करायचा. एकदा तर त्यांनी स्वतःवर पोलीस घालणाऱ्या बागायतदाराचंच नाव घेतलं. आम्ही भडकलो. चाचा म्हणाले, "मेल्यालं मानूस कुनाच्यातच नसतंय गड्या. मग आपलंच की त्ये!"

एकोणनव्वदच्या जूनची गोष्ट. बीजिंगच्या चौकात विद्यार्थी जमले होते. कारभार सुधारा, आम्हाला बोलू द्या, एवढंच मागत होते. त्यांच्यावर त्यांच्याच लाल सरकारनं रणगाडे घातले. चाचांनी ते हॉटेलातल्या टीव्हीवर पाहिलं आणि दुकान बंद करून घर गाठलं. चार दिवस कापसाला हात लावला नाही. "आपल्याच बावट्याच्या गान्याची चाल म्हनत हुती ती पोरं, मास्तर," एवढंच मला म्हणाले.

पुढच्या बैठकीला सांगलीहून जिल्ह्याचे पुढारी आले. चाचांनी यादीत शेवटी 'चीनची पोरं' असं वाचलं. पुढारी भजी खात होते. तेलकट बोटं वर्तमानपत्राला पुसत म्हणाले, "ती फितूर पोरं. फितुरांचा दुखवटा नसतो. नाव मागं घ्या."

"आवं, नावं तरी कुठं म्हाईत हायती त्येंची? मागं काय घिऊ?"

"मग पक्षातून जाल."

तीस वर्षं बावटा खांद्यावर घेतलेला माणूस. त्याला पक्षाशिवाय होतं काय? चाचा डोळे मिटून उभे राहिले. त्यांची दोन मिनिटं सुरू झाली. आणि आम्ही, शी, आम्ही त्या दोन मिनिटांतच त्यांना काढायचा ठराव मताला टाकला! सगळे हात वर गेले. माझाही गेला. मला शाखेचा चिटणीस व्हायचं होतं. कसलं तत्त्व आणि कसलं काय!

चाचांनी डोळे उघडले तोवर हात खाली आले होते. पिशवी उचलून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानापुढून जात होतो, तर त्यांनी मला हाक मारली.

"मास्तर, तुमी बी हात वर क्येला व्हय?"

"नाही चाचा," मी म्हणालो. थुंकी गिळायलाही थांबलो नाही.

चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आत बसवून त्यांनी चहा पाजला. पुढं मी चिटणीस झालो, तेव्हा पेढेसुद्धा त्यांनीच वाटले.

गेल्या वर्षी चाचा वारले. घरी भेटायला गेलो तर त्यांच्या लेकीनं जमलेल्यांना सांगितलं, "अब्बा लय वेळा म्हनायचं, समद्यांनी हात वर क्येलं, एकलं मास्तर तेवढं माज्या बाजूनं ऱ्हायलं."

सगळे माझ्याकडं आदरानं बघू लागले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मास्तरांना गहिवरून आलं.