तरंगलेला केस

“केसं मुळात कोरडे नसते वं बाई, आपणच त्याहिले पाण्याच्या आधी तेल दाखवतो.”

गोपिका बोंदरे हे म्हणाली होती नागपुरातल्या मनीषनगरच्या पार्लरमध्ये, समोरच्या खुर्चीत बसलेल्या एका शिक्षिकेला. शिक्षिका हसली. गोपिका हसली नाही. कोरड्या केसावर तेल चोपडले की आतला कोरडेपणाच झाकला जातो आणि बाहेरचे पाणी बाहेरच राहते, एवढेच तिला सांगायचे होते.

ती काटोलकडची. वडिलांचा संत्र्याचा बगीचा. बहर धरायचा म्हणून झाडांचे पाणी बंद करत, मग एके दिवशी पुन्हा सुरू करत. किती सोडायचे हे वडील कुणाला विचारत नसत. मातीचे ढेकूळ चिमटीत चुरडून बघत, बस्स. तेच पाणी काळ्या जमिनीत मुक्काम करते आणि मुरमाड पट्ट्यातून दुपारपर्यंत निघून जाते, हे तिने लहानपणीच पाहिले होते. केसांचेही असेच असते हे कळायला मात्र पार्लरमधली सहा वर्षे गेली, आणि ते शिकवले नंदिनीच्या केसांनी.

नंदिनी पार्लरच्या मालकीण इंदुताईंची मुलगी. केस कुरळे, दाट, कमरेपर्यंत. तीन वर्षांपूर्वी इंदुताईंनी सांगितले आणि गोपिकाने ते औषध लावून, इस्त्री फिरवून सरळ केले. चार महिने चमकले. मग झाडूसारखे झाले. “पुण्याच्या होस्टेलच्या बोअरचं पाणी,” इंदुताई सगळ्यांना सांगत. गोपिकाही मान हलवी. पण तेव्हापासून ती प्रत्येक डोक्यावर आधी पाण्याचा फवारा मारू लागली. कुणाच्या केसावर थेंब मण्यांसारखे बसून राहत. अशांना ती कोमट टॉवेल गुंडाळून मग हलके तेल लावी. कुणाचा केस पाणी क्षणात पिऊन टाकी आणि कूलरसमोर क्षणात वाळे. असा केस चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोट सरकवले की खरखर लागे. जणू प्रत्येक केसावरचे खवले उभे राहिलेले. त्याला पाणी मिळत नाही असे नव्हते, मिळालेले टिकत नव्हते. माणसांतही अशी असतात, पण गोपिका माणसांबद्दल फारसे बोलत नसे.

यंदा वैशाखात नंदिनीचे लग्न ठरले. बारा दिवस उरले होते. मधल्या काळात पुण्यात तिने केस आणखी एकदा सरळ करून घेतले होते, रंगही लावला होता. आता मुळांशी बोटभर कुरळे उगवलेले. मुलाकडच्यांनी पाहिले होते ते सरळ केस.

“अरू, लग्नाआधी परत सरळ करायचे आहेत, तू बघ,” इंदुताई म्हणाल्या. अरुंधती त्यांची भाची, नुकताच तीन महिन्यांचा कोर्स करून आलेली. तिने नंदिनीचा एक केस काढून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाकला. तो तरंगला.

“लो पोरॉसिटी. केस घट्ट मिटलेले आहेत मामी, पाणी आत शिरत नाही. औषध नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावं लागेल.”

“ठेव.”

गोपिका बाजूच्या खुर्चीवरचे केस झाडत होती. “रात्री तेल लावलं होतं का वं, नंदू?”

“आईनं लावून दिलं. वाटीभर.”

“मंग तेल तरंगून राहिलं ना तिथं. केस कुठी तरंगते?”

“कोर्स तुम्ही केला का मावशी?” अरुंधतीने विचारले.

“नाई बा. मले तर ग्लासातलं पाणी प्यायचंच माहीत आहे.”

नंदिनी हसली. हसत हसतच उठून बेसिनजवळ गेली आणि मान मागे टाकली. गोपिकाने केस दोनदा धुतले, बोटांना तेल लागेनासे होईपर्यंत. टोकाचा एक केस पंख्याखाली वाळवून ग्लासात सोडला. तो थोडा थांबला, वळला आणि पाणी पिऊन तळाशी गेला. अरुंधतीने ग्लास उचलून उजेडात धरला.

“यायच्यावर आता औषध जास्त वेळ ठेवलं तर लग्नात अंबाडा बांधाले केस उरणार नाई,” गोपिका म्हणाली. “अन् नंदू, ते बोअरचं पाणी नव्हतं. पह्यल्यानं मीच जाळले. मले तेव्हा समजत नव्हतं.”

खुर्चीत परतलेली नंदिनी आरशातून तिच्याकडे बघत राहिली. मग आईकडे. “तुला समजत होतं?”

इंदुताई ट्रेमधले कंगवे सरळ लावू लागल्या.

“हे परत पहिल्यासारखे होतील, मावशी?”

“हे नाई. नवे येतील ते चांगले येतील. तोवर यायले सांभाळा लागते.”

“इस्त्रीचं मशीन बंद कर, अरू,” नंदिनी म्हणाली.

“अगं, त्यांनी सरळ केस पाहिलेत तुझे!” इंदुताई म्हणाल्या.

“आता कुरळे पाहतील. जेवढे उगवलेत तेवढे.”

गोपिकाने जुन्या सुती ओढणीने केस दाबून दाबून टिपले, घासले नाहीत. ते ओले असतानाच क्रीम लावले, आणि मग तळहातावर घेतलेले दोन थेंब तेल फक्त टोकांना. “रोज असंच,” ती म्हणाली. “आधी पाणी. तेल शेवटी, थोडं.”

“तीन वर्षं तोंड बंद होतं ना तुझं?” इंदुताईंचा आवाज चढला. “मग आजच काहून उघडलं? माझ्या पोरीसमोर?”

गोपिकाने हात पुसले. एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला, खिशातल्या पिना काढून ट्रेमध्ये टाकल्या. नंदिनी अर्धवट उठली. काचेचे दार ढकलून गोपिका बाहेरच्या उन्हात निघून गेली.