गल्लीभरच्या आत्याबाई

कुणी बाळासाठी नाव सुचवलं की आत्याबाई आधी उठून ओसरीच्या टोकाशी जात, तोंडाशी हात धरत आणि रिकाम्या गल्लीत त्या नावाची खणखणीत हाक मारत. मग आत येऊन निकाल देत. "नाई बाई, हे नाव दूर जात नाई. उद्या पोट्टी नदीवर असंल, त हाक पोचन का?"

एकदा त्यांनी अशीच 'सखाराम' म्हणून हाक मारली, तर वाटेनं चाललेला एक गाडीवान बैल थांबवून दारात आला. "काय झालं, माय?" आत्याबाई म्हणाल्या, "तू नाई रे बापा. तू अजून जन्माले यायचा हायेस!"

मेहकरला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर होतं. भाऊ कचेरीत कारकून. आत्याबाई लहानपणीच विधवा होऊन त्याच्याकडे परतलेल्या. अंगावर आलवणाचं लाल लुगडं, अंगकाठी किरकोळ, आवाज मात्र सबंध गल्लीला पुरेल एवढा. माहेरचं नाव लग्नात बदललेलं, सासरच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. आम्हा सगळ्यांच्या त्या आत्याबाई.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या गल्लीत नाव शोधायच्या आत्याबाई, आणि कानात सांगायची कुणीतरी सवाष्ण. विधवेनं पाळण्याजवळ जायचं नाही, असा तेव्हा रिवाज होता. पाळण्याची गाणी सुरू झाली की त्या आपल्या ओसरीवर बसत. आपण निवडलेलं नाव नीट उच्चारलं जातंय की नाही, इकडे त्यांचा कान असे. पाठीला कुबड आल्यासारख्या वाकून ऐकत. मी त्यांना कधी खंत करताना पाहिलं नाही.

"नाव कितीबी लांब ठेवा, लोक त्याचं शेपूट तोडतेच," त्या म्हणत. "तोडल्यावर काय उरते, ते आधी पाह्य." माझ्या धाकट्या भावासाठी वडिलांनी गजानन ठरवलं होतं. आत्याबाईंनी 'गज्या' अशी हाक मारून दाखवली आणि वडील स्वतःच हसले. शेवटी माधव ठरलं. "माध्या म्हटलं तरी बोचत नाई," एवढीच त्यांची शिफारस.

समोर राहणाऱ्या पिंजाऱ्याच्या बायकोला आम्ही भाभी म्हणत असू. तिला दुसरी मुलगी झाली तेव्हा ती बाळाला घेऊन आली. "आत्याबाई, बडी सलमा है. अब इसका क्या रखूँ?"

"तुमच्यातली नावं तूच सांग वं. मी हाका मारते."

भाभी एकेक नाव सांगत गेली आणि आत्याबाई गल्लीत ओरडत गेल्या. 'नजमा' आलं तशा थांबल्या. "सलमा-नजमा! पाह्य, एका हाकेत दोघी येतीन." भाभी इतकी खूश झाली की तिनं त्यांना एक गादी नव्यानं पिंजून दिली.

पण मला त्या आठवतात त्या मास्तरांच्या चौथ्या मुलीमुळे.

शाळेतले मास्तर पलीकडच्या घरात राहत. गंगा, यमुना, गोदा अशा तीन मुली त्यांना होत्या. चौथीही मुलगीच झाली, आणि मास्तरांच्या आईनं जाहीर केलं, "नकुशी ठेवा. नावावरूनच देवाले समजन." मास्तर आईपुढे बोलेनात. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दोन घास खायलाही तयार होईना.

आत्याबाईंना कळलं तशा त्या मास्तरांच्या ओसरीवर गेल्या. मी आईबरोबर तिथंच होते. म्हातारीनं विचारलं, "काऊन वं, तुले नाव पसंत नाई?"

आत्याबाई नेहमीसारख्या ओसरीच्या टोकाशी गेल्या, तोंडाशी हात धरला. पण हाक निघाली नाही. तशाच मागे वळल्या. "काकू, हे नाव मले ओरडता येत नाई. माह्यं नाव नकुशी नव्हतं, पण मी घरात तेच व्हती. कसं असते, मले ठाऊक हाय."

त्या म्हातारीजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "गंगा, यमुना, गोदा झाल्या. आता आपल्या वऱ्हाडातली नदी घ्या. पूर्णा ठेवा. तुमाले वाटते ना, पोरी आता पूर्ण झाल्या? तुमी तसं समजा. तिच्या मायले पूर्णा म्हंजे भरलेली नदी, असं समजू द्या."

म्हातारीनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "ठेवा."

जाताना आत्याबाई मास्तरांना म्हणाल्या, "पू दीर्घ काढजा, भाऊ. ऱ्हस्व काढला त पुरे म्हटल्यासारखं व्हते." त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं.

बारशाच्या दिवशी पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. आत्याबाई आपल्या ओसरीवर. मास्तरांची बहीण नाव सांगायला पुढं झाली, तोच बाळंतिणीनं मुलीला उचललं आणि ती तडक बाहेर निघाली. सासू ओरडली, "अवं, कुठं चालली?" ती थांबली नाही. आत्याबाईंच्या ओसरीवर येऊन तिनं मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मी कशी सांगू, बाई?" आत्याबाईंनी मुलगी परत पुढं केली.

"तुमी नाई सांगितलं, त पोरगी पाळण्यात जाणार नाई."

आत्याबाई वाकल्या आणि कुजबुजल्या. त्यांना हळू बोलताना मी तेव्हाच ऐकलं. नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपके घालायची रीत. पण त्या पाठीला हात कोण लावणार? माझी आई पुढं झाली आणि तिनं जोरात धपका घातला. मग दुसरीनं, मग तिसरीनं. आत्याबाई डोळे पुसत, हसत मार खात होत्या. म्हातारी आली नाही. तिनं द्रोणभर घुगऱ्या मात्र पाठवल्या.

पुढं आत्याबाईंच्या भावाची अकोल्याला बदली झाली आणि बैलांच्या दमणीत सामान चढलं. काही वर्षांनी आत्याबाई गेल्याचा निरोप आला. नात्याच्या नव्हत्या, जातीगोतीचा संबंध नव्हता. सुतक कुणालाच लागत नव्हतं. तरी त्या सकाळी आमच्या गल्लीत घरोघरी बायकांनी डोक्यावरून पाणी घेतलं. भाभीनं नवऱ्याला कापूस पिंजायच्या धनुकलीला हात लावू दिला नाही. आणि मास्तरांच्या विहिरीवर ती म्हातारी, कुणाचा आधार न घेता, ओल्या लुगड्यानं कितीतरी वेळ उभी होती.