वर्तणूक चांगली

“वैशाली, दार लाव,” डेबी म्हणाली. “आता खरं सांग, ब्रूकने नक्की काय केलंय?”

तिच्या हातात मी ब्रूकसाठी लिहिलेलं पत्र होतं. डेबी आमच्या हायस्कूलची काउन्सेलर, म्हणजे मुलांचे विषय, त्यांची रडारड आणि कॉलेजचे अर्ज सांभाळणारी बाई. शाळा शिकागोच्या उपनगरातली, सरकारी. मी तिथे केमिस्ट्री शिकवते. इथे कॉलेजच्या अर्जाबरोबर शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. माझ्याकडे ते पहिल्यांदाच कुणीतरी मागितलं होतं.

ब्रूकला केमिकल इंजिनिअरिंगला जायचं होतं. अडचण अशी की अकरावीत तिला नेमका माझ्याच विषयात सी हा ग्रेड मिळाला होता. तो सी माझ्याच पत्राने धुऊन निघाला तर निघणार होता. अर्जाची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती.

मी चार वाक्यं लिहिली होती. ब्रूक नियमित आणि वेळेवर येते. तिची प्रगती समाधानकारक आहे. माझ्या माहितीप्रमाणे तिची वर्तणूक चांगली आहे. तिच्याविरुद्ध काहीही आक्षेपार्ह आढळलेलं नाही. अमरावतीला आमच्या हेडमास्तरांनी मला असाच दाखला दिला होता आणि त्यावर माझं आयुष्य व्यवस्थित चाललं होतं.

“‘माझ्या माहितीप्रमाणे’ म्हणजे? पोलिसांची माहिती वेगळी आहे का?”

“तशी पद्धत असते लिहायची.”

“आणि ‘समाधानकारक’?”

“चांगला शब्द आहे की.”

“हेल्थ इन्स्पेक्टर रेस्टॉरंटच्या किचनला देतो तो शब्द. हे वाचून कॉलेजला वाटेल, तू काहीतरी लपवते आहेस.”

तिने नमुना म्हणून दुसऱ्या शिक्षकाचं पत्र दिलं. त्यातल्या मुलाने म्हणे अख्ख्या शाळेला शिकण्याची गोडी लावली होती. नाव खोडलेलं होतं, पण पत्रात ट्युबाचा, म्हणजे त्या भल्यामोठ्या पितळी वाद्याचा, उल्लेख होता आणि ते वाजवणारा मुलगा बारावीत एकच होता. माझ्या तासाला तो झोपायचा.

मी लंच ब्रेकमध्ये डबा बाजूला ठेवून नवं पत्र लिहिलं. तल्लख, तेजस्वी, अद्वितीय. लिहिताना माझीच मला लाज वाटत होती. डेबीने ते वाचलं आणि चष्मा काढला.

“आता वाटतंय, ब्रूकने तुला धमकी दिली आहे.”

मी वैतागले. “मग काय लिहू? आमच्यात असं कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवत नाहीत.”

“ते राहू दे. तुला ही मुलगी आवडते का?”

“भयंकर आवडते.”

“का?”

मग मी सांगितलं. अकरावीच्या फायनलमध्ये एक उत्तर मी चुकून बरोबर धरलं होतं. पेपर परत मिळाल्यावर ब्रूक वर्ग सुटायची वाट बघत थांबली आणि म्हणाली, “मिसेस वानखडे, हे माझं चुकलंय. तुम्ही मार्क दिलेत.” तिचं बरोबर होतं. मी मार्क कापले. ती अगदी काठावर होती, त्यामुळे बीचा सी झाला.

डेबी माझ्याकडे बघतच राहिली. “म्हणजे तो सी तिने स्वतःहून येऊन घेतला? तू काय म्हणालीस तिला?”

“काही नाही. पुढचा वर्ग आत येत होता.”

“आणि हे तू पत्रात लिहिलं नाहीस?”

“लिहिलंय की,” मी म्हणाले. “वर्तणूक चांगली.”

डेबी हसली नाही. मग मलाही ऐकू आलं, मी काय बोलले ते. फार वाईट वाटलं. त्या मुलीला मी साधं शाबासही म्हटलं नव्हतं.

तिथेच बसून मी तिसरं पत्र लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं, फक्त ती गोष्ट होती. डेबीने ते वाचलं आणि लगेच पाठवून दिलं.

ब्रूकला ॲडमिशन मिळाली. तेव्हा मी तिला पहिल्या पत्राचा किस्सा सांगितला आणि एक वर्ष उशिरा शाबासही म्हटलं. शाळेच्या शेवटच्या दिवशी तिने मला एक कार्ड दिलं. आत लिहिलं होतं, ‘मिसेस वानखडे नियमित आणि वेळेवर येतात. त्यांचं शिकवणं समाधानकारक आहे. माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्याविरुद्ध काहीही आक्षेपार्ह आढळलेलं नाही.’

कार्ड टेबलावरच ठेवलंय. आता शाबासकी मी त्याच दिवशी देऊन टाकते, पुढचा वर्ग दारात उभा असला तरी. मार्क मात्र अजूनही कापते.