मी पुढंच बसणार

मी लग्न केलं नाही. त्याचं कारण गाणं, असं आमच्या नातेवाइकांत अजून सांगतात. ते अर्धंच खरं आहे. लग्न न करायला मला गाण्याची गरज नव्हती. पण गाणं सोडून लग्न कर, असं जेव्हा लोक म्हणायला लागले तेव्हा मात्र माझं ठरलंच.

मी कर्जतला लागूनच दहिवलीत राहायची आणि खालापूरला एका कचेरीत कारकून होते. सकाळी एसटी पकडायची, दिवसभर अर्जांवर शेरे लिहायचे, संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं. साठ-सत्तरच्या त्या वर्षांत आमच्या कचेरीत बाई म्हणजे मी एकटीच. वडील लवकर गेले होते. आई होती तोवर घरात दोघी होतो, तीही गेल्यावर मी एकटीनंच ती दोन खोल्यांची जागा ठेवली. थोरला भाऊ पेणला शाळेत मास्तर होता. 'इकडं ये, आमच्यात राहा,' असं त्यानं एकदा म्हटलं, मी 'नको' म्हटलं, आणि तो विषय तेव्हापुरता मिटला.

गाण्याचा नाद लागला तो मॅट्रिकच्या वर्षी. गणपतीत कर्जतला एका गायिकेचं गाणं ठेवलं होतं, दुपारचं. गर्दीत ढकलली जात जात मी अगदी तिच्या गुडघ्याशी येऊन बसले. गाणं रेडिओवर ऐकलं होतंच. पण गाणाऱ्या माणसाच्या गळ्याची शीर कशी ताठ होते, तान घेण्याआधी तो श्वास कुठं लपवतो, हे रेडिओवर दिसत नाही. एक अवघड जागा घेऊन बाई समेवर आल्या आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. 'पोचलं का?' असं विचारल्यासारखं. माझी मान आपोआप हलली. त्या हसल्या आणि पुढं गेल्या. घरी आले तेव्हा मला ताप आल्यासारखं वाटत होतं. आईनं कपाळाला हात लावूनही बघितला.

तेव्हापासून पेटी-तबल्याचा आवाज जिथून येईल तिथं मी जायला लागले. कर्जत-खालापुरात बडे गवई काही रोज येत नाहीत. पण भजनी मंडळं गावोगाव होती. दिवसभर भाताच्या खाचरात राबलेली माणसं पखवाजावर असा हात टाकायची की ऐकणाऱ्याचे पाय जमिनीवर ठरू नयेत. रविवारी कुठं सप्ताह आहे, कुठं कुणाची बारी, म्हणजे दोन बुवांच्या भजनाचा सामना आहे, याची खबर मी एसटीच्या कंडक्टरकडून काढायची. छत्री, पिशवीत पाण्याची बाटली आणि चार पोळ्या घेऊन एकटी निघायची.

लोक बोलायला लागले. बोलणारच. लग्नाचं वय उलटत चाललेली एकटी बाई देवळादेवळातून हिंडते, ती काही देवासाठी नाही, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

एका उन्हाळ्यात भाऊ अचानक आला. चहा घेतला. मग म्हणाला, "एक स्थळ आहे. बिजवर आहे, पण माणूस सज्जन. पनवेलला स्वतःचं घर."

"मला लग्न करायचं नाही, दादा."

"आधी ऐक तरी. तुझं गाण्याचं वेड मी लपवलेलं नाही त्यांच्यापासून. ते म्हणाले, घरात मोठा रेडिओ आहे, हवं तेवढं गाणं ऐकू दे. फक्त हे बाहेर जाऊन बसणं बंद."

मला त्या न पाहिलेल्या सज्जन माणसाचा राग आला नाही. पण माझ्या भावाला हा सौदा चांगला वाटला होता, याचा आला.

"दादा, रेडिओतला गवई मला ओळखत नाही," मी म्हटलं. "मी ऐकतेय की झोपलेय, त्याला पत्ता नसतो. मला समोर बसायचंय."

"काय मिळतं समोर बसून?"

मी म्हटलं, "तुला वर्गात पोरं समोर बसलेली लागतात ना? मग?"

तो उठला. "लोक मला तोंडावर विचारतात, तुझी बहीण कुठल्या कुठल्या मंडपात बसते. मी काय सांगू?"

"सांग, पुढच्या रांगेत बसते."

त्यानंतर कितीतरी वर्षं तो माझ्याकडं आला नाही. वहिनी संक्रांतीला तिळगूळ पाठवायची तेवढाच संबंध राहिला. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण रविवार आला की मी छत्री उचलून निघतच होते.

मग ते खालापूरकडच्या गावातलं प्रकरण घडलं. तिथं सप्ताहात एक बुवा दुपारच्या भजनाला यायचे. घरचे शेतकरी, आवाज असा की वरच्या पट्टीतही फाटायचा नाही, उलट उजळायचा. त्यांना मी दुरून दोन-तीनदा ऐकलं होतं. त्या रविवारी जवळून ऐकायचंच असं ठरवून मी वेळेआधी गेले.

देवळाचा सभामंडप पुरुषांचा. डाव्या अंगाला लाकडी कठडा होता आणि कठड्यापलीकडं पडवी, तिथं बायका बसायच्या. बुवा कठड्याकडं पाठ करून पेटी मांडायचे. म्हणजे त्या बायकांनी जन्मभर बुवांचा टोपीमागचा भाग तेवढा पाहिलेला. मी मंडपात शिरले आणि पेटीसमोर सतरंजीवर बसले.

कुजबुज झाली. गावातले एक म्हातारे उठून आले. "बाय, बायकांनी तिकडं बसायचं."

"तिथून दिसत नाही, काका."

"भजन काय बघायचं असतंय? ऐकायचं असतंय."

"मग तुम्ही बसा तिकडं. तिथूनही ऐकू येतं."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. म्हातारे चिडून बुवांकडं वळले. बुवांनी माझ्याकडं बघितलं नाही. पेटीचा भाता सोडत ते शांतपणे म्हणाले, "बाई समोर असल्या तर मी गानार नाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. उठावं आणि एसटी स्टँड गाठावं असं क्षणभर वाटलं. पण मग मनात आलं, मी इथं काय वाईट करायला बसलेय? मी म्हटलं, "मी काही तुमच्याआड येत नाही, बुवा. तुम्ही गा. पण मी उठणार नाही."

सप्ताहातलं भजन खोळंबणं बरं नव्हे, हे सगळ्यांनाच कळत होतं. शेवटी बुवा उठले. मला वाटलं, निघाले. पण नाही. त्यांनी पेटी उचलली, गर्रकन फिरवली आणि माझ्याकडं पाठ करून बसले. पखवाजवाला, टाळकरी, सगळे त्यांच्यामागोमाग फिरले. बुवांनी डोळे मिटून सूर धरला.

रागाच्या भरात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. आता ते कठड्याकडं तोंड करून बसले होते. पडवीतल्या बायका एकदम पहिल्या रांगेत आल्या होत्या आणि गावातले सगळे मानाचे पुरुष मागं पडले होते.

मी उठले. म्हाताऱ्यांना वाटलं, बाई हरली. मी कठड्याला वळसा घालून पडवीत गेले. बायकांनी सरकून जागा दिली, आणि मी पुन्हा बुवांच्या समोर बसले. मधे फक्त कठडा.

बुवांनी डोळे उघडले तो मी समोर. पखवाजवाला मान खाली घालून हसत होता, पण हात चुकला नाही त्याचा. बुवा आता फिरणार कुठं? अभंग सुरू झालेला, मधे तोडता येत नाही. त्यांनी एकदा माझ्याकडं जळजळीत बघितलं आणि मग जे गायले ते मी आजही विसरलेले नाही. चिडलेला माणूस इतका सुरेल गाऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. एका जागी मी न राहवून "वा!" म्हणाले. त्यांनी भुवई चढवली, पण तीच जागा पुन्हा घेतली, पहिल्यापेक्षा सुंदर.

काही पुरुष पडवीच्या बाजूला यायला लागले. तेव्हा माझ्या शेजारची एक कुणबी बाई, वयानं माझ्याहून थोडी मोठी, हात आडवा करून म्हणाली, "कुठं रं? आमी आधीपासून बसल्या हाव." आणि मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "लगीन होऊन या गावात आले तवापासून बुवाचं भजन ऐकते गं. त्याचं तोंड आज बघितलं."

बुवांनी मला कधी माफ केलं नाही. समोरासमोर आलो तरी बोलायचे नाहीत. पण माझं त्यांच्याशी भांडण नव्हतंच. त्यांचं गाणं जिथं असेल तिथं मी जात राहिले, आणि पुढच्या वर्षीपासून त्या देवळात त्यांची पेटी कठड्याकडं पाठ करून लागली नाही. ती मंडपाच्या टोकाला, दोन्हीकडून दिसेल अशी लागायला लागली. ठरवून कोणी केलं नाही, म्हणे. त्या कुणबी बाईनं चार जणींना घेऊन आदल्या दिवशीच सतरंजी तशी अंथरून ठेवली होती.

गोष्ट कचेरीत पोचायला वेळ लागला नाही. त्या रविवारनंतरच्याच आठवड्यात साहेबांनी बोलावलं.

"तुमच्याबद्दल गावातली माणसं येऊन बोलतात. सरकारी नोकरीतल्या बाईला हे शोभत नाही."

"माझं काम राहिलंय का, साहेब?"

"कामाचा प्रश्न नाही. वागण्याचा आहे. असंच चाललं तर मला तुमची बदली पोलादपूरला करायला सांगावं लागेल."

"तिकडंही भजनं होत असतील, साहेब."

मी नमस्कार करून बाहेर आले आणि जागेवर बसून पुढच्या अर्जावर शेरा लिहायला घेतला. भीती होतीच. नोकरी गेली असती तर मी खाल्लं असतं काय? पण बदली आली नाही. वर्षभरात साहेबांचीच झाली, आणि नंतर आलेल्या साहेबांना माझ्या रविवारांशी काही घेणं नव्हतं.

ती कुणबी बाई माझी मैत्रीण झाली. तिचे मुलगे हाताशी आले तशी ती माझ्याबरोबर निघायला लागली. नवरा कुरकुरायचा, ती म्हणायची, "भाकऱ्या करून ठेवल्या हायत," आणि चपला घालायची. मला जे राग-ताल माहीत होते ते मी तिला सांगितले. तिनं ते ऐकून घेतले आणि सोडून दिले. तिचं ऐकणं वेगळंच होतं. गाणारा थकला की तिला माझ्याआधी कळायचं.

ऐंशीनंतरची गोष्ट. माथेरानच्या एका हॉटेलात दुपारी सतारवादन आहे, असं मला कळलं. आम्ही दोघी नेरळहून छोट्या गाडीनं वर गेलो. दारावरच्या मॅनेजरनं आमच्या पायांतल्या लाल धुळीनं माखलेल्या चपला पाहिल्या. "हे फक्त आमच्या पाहुण्यांसाठी आहे."

"आम्ही पाहुण्याच की," मी म्हटलं. "कर्जतहून आलोय."

तो काही बोलायच्या आत मैत्रिणीनं चपला काढून हातात घेतल्या आणि ती आत गेली. मग मीही गेले. मंडळी वेताच्या खुर्च्यांत बसली होती. आम्ही त्यांच्यापुढं, सतारवाल्याजवळ, खाली बसलो. तिनं सतार जन्मात पहिल्यांदा पाहिली. बराच वेळ ती नुसती त्याच्या डाव्या हाताकडं बघत होती.

वादन संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि चहाच्या टेबलाकडं वळायला लागले. वादक सतार गवसणीत घालायला गेला तशी ती जागेवरून म्हणाली, "ओ, आजून एक वाजवा की."

खुर्च्यांतली मंडळी थांबली. वळून बघायला लागली. मॅनेजर आमच्या दिशेनं निघाला. मी पाठ ताठ करून बसले आणि म्हटलं, "हो, वाजवा. आम्ही उठत नाही."

वादकानं आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. गवसणी बाजूला ठेवली आणि तारा जुळवायला घेतल्या.