परत आलेला डबा

यमू गेल्याचं मला आमच्या जुन्या कॉलनीच्या ग्रुपवर कळलं. सकाळचे साडेनऊ झाले असतील. मी गवार मोडत बसले होते आणि फोन वाजला. 'आपल्या मोहन्याची शान, ज्येष्ठ अभिनेत्री यामिनी यांचं ठाण्यात निधन.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही चष्मा लावला, 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं टाकलं आणि उरलेली गवार मोडली. चाळीस वर्षं जिच्याशी मी धड बोलले नव्हते, तिला दोन आयते शब्द टाकून मी मोकळी झाले. भाजीही केली, जेवलेही… त्याला आता सहा आठवडे झाले. ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

तुम्ही तिला यामिनी म्हणून ओळखता. आमच्यासाठी ती यमुना, यमू. तिचं घर मोहने गावातलं, पिढ्यान्‌पिढ्यांची तिथलीच शेतकरी माणसं. आम्ही साताऱ्याकडचे. वडील रेयॉनच्या कारखान्यात लागले म्हणून कामगारांच्या कॉलनीत राहायला आलेलो. शाळेत एका बाकावर बसायचो. ती गावच्या बोलीत बोलायची आणि मी तिला सुधारायची. 'पानी नाही यमू, पाणी. पुन्हा म्हण.' दहादा म्हणायला लावलं की ती वैतागायची. "विजे, मी मानूस हाय का पोपट गो?" पण म्हणायची. पुढे कामगारांच्या नाटकात तिला काम मिळालं तेव्हा तिची तालीम आमच्या खोलीतच व्हायची. आई भाकऱ्या थापायची, मी हातात पुस्तक धरून चुका काढायची, आणि यमू दोघींकडे बघत संवाद म्हणायची. बघायची मात्र जास्त आईकडे. मला तेव्हा वाटायचं, हिला भूक लागलीय.

ती नट म्हणून काय होती ते सांगायला मी नालायक आहे. पण सांगते, कारण भांडण झाल्यावरही मी एक सिनेमा सोडून तिचं एकूण एक काम चोरून बघितलंय. टीव्हीवर तिचा सिनेमा लागला की सुनेसमोर नाक मुरडायचं, 'लाव गं बातम्या' म्हणायचं, आणि ती आत गेली की परत लावायचा, हा माझा धंदा. लोक म्हणतात ती रडायची छान. साफ खोटं. ती रडायचीच नाही. सगळं कोसळत असताना ती हातातलं काम करत राहायची. एका सिनेमात ती सुनेला घराबाहेर काढणारी सासू होती. 'जा' हा एक शब्द तिने नातवाच्या सदऱ्याचं बटण लावता लावता म्हटला, आणि ते बटण काही केल्या काजात जाईना. दुसऱ्यात ती कोर्टात साक्षीला उभी असते. वकील विचारतो, मारणारा तुमचा मुलगाच होता ना? ती पिशवीत चष्मा शोधते. शोधतच राहते. आपल्याला वाटतं, अगं बाई, सापडूच नये तो चष्मा! आणि अलीकडचा तो, ज्यात तिने स्वतःची बोली वापरली, मी घासूनपुसून घालवलेली. शेतावर टॉवर उभा राहिलाय, म्हातारी सातव्या मजल्यावर राहायला गेलीय आणि मिरच्या वाळवायला ऊन शोधत या खोलीतून त्या खोलीत फिरतेय. त्या सिनेमात ती 'पानी' म्हणते, आणि मी सोफ्यावर बसल्या बसल्या ओशाळले होते.

आता ज्या सिनेमाने ती मोठी झाली त्याबद्दल. तो सांगायचा तर आधी आमच्या घरातलं सांगावं लागतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी एकोणीस वर्षांची होते. वडील पहिल्या पाळीला गेलेले. अकराच्या सुमाराला त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. दुपारी त्यांना घरी आणलं. खोलीत, व्हरांड्यात, जिन्यात माणसंच माणसं. त्यांच्या पाळीतल्या एकाने त्यांची पिशवी आणून आईपुढे ठेवली. आत डबा होता, जेवणाची सुट्टी व्हायच्या आतच ते गेल्यामुळे न उघडता परत आलेला. मयताच्या घरातलं शिजलेलं अन्न टाकून देतात, म्हणून शेजारच्या आजींनी तो उचलला. आईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. झाकण उघडलं. आणि वडिलांच्या पायाशी मांडी घालून ती जेवायला लागली.

ज्या घरातून प्रेत अजून हललेलं नाही तिथे पाण्याचा घोटही घेत नाहीत हो, आणि ही बाई भाकरी आणि भरलं वांगं खातेय! मग कुणीतरी म्हणालं, "भानावर नाही बिचारी." आणि मागून दुसरी, हळू आवाजात, "भूक बघा कशी लागलीय." यमू दारात उभी होती. मी उठून शेजारच्यांकडे गेले आणि वडिलांना उचलेपर्यंत परत आले नाही. पुढे कॉलनीत आईचं नावच पडलं, डबेवाली. माझं लग्न ठरलं तेव्हा कुणी हे सासरच्यांच्या कानावर घालेल या धास्तीने मला झोप लागत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही तोंड मिटून बसले आणि आईकडूनही कधी काही वदवून घेतलं नाही.

बाराएक वर्षांनी, मी शिकवायची त्या शाळेतल्या बायकांबरोबर मी कल्याणला यमूचा सिनेमा बघायला गेले. मोठ्या तोऱ्यात गेले. माझी मैत्रीण आहे, तिचं मराठी मी घडवलंय, असं रिक्षात दोनदा सांगून झालेलं. मध्यंतर झालं, आणि नंतर पडद्यावर तिच्या नवऱ्याचं प्रेत आलं, सोबत्याने पिशवी आणून ठेवली, आणि यमूने डबा बाहेर काढला… तिने झाकण उघडलं तशी मी उठले. अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर आले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "अरे, ही तर आपल्या कॉलनीतली बाई!" घरी येऊन मी पत्र लिहिलं. 'आमच्या घरातलं प्रेत तू बाजारात मांडलंस. पुन्हा तोंड दाखवू नकोस.' आई तेव्हा डोंबिवलीला माझ्याकडेच राहायची. तिच्यापुढे मी त्या सिनेमाचं नावसुद्धा काढलं नाही. तिला दुखेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते.

यमूचं उत्तर आलं नाही. ती आली ती थेट आई गेली तेव्हा. तोपर्यंत तिच्या फोटोची पोस्टरं लागत होती, पण आली ती साध्या सुती साडीत, एकटी, तीन जिने चढून. दारात उभी राहून म्हणाली, "विजे, एकदा डोकं टेकवू दे गो. मग जाते मी." मी काय म्हणावं? मी म्हणाले, "आता काय बघायला आलीस? नवीन सिनेमा आहे का?" आणि दार लावलं. तोंडावर. नंतर खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितलं, आईला खाली नेईपर्यंत ती जिन्यात बसून होती. मी म्हटलं, बसू दे.

तर ही मी. आणि याच मला कॉलनीतल्या मंडळींनी ठाण्याच्या शोकसभेत बोलायला लावलं. 'विजयाताई, तुम्ही बालमैत्रीण, तुम्ही बोलायलाच पाहिजे.' मी हो म्हटलं. का, ते सांगते. माझ्या पर्समध्ये कागद होता. तिच्या ज्या प्रसंगाची सगळे आरती ओवाळतात तो माझ्या आईचा आहे, न विचारता घेतलेला आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये वगैरे मला कुणी शिकवू नये, असंही लिहिलं होतं. चांगला शेलका कागद होता, घरी आरशासमोर दोनदा वाचून बघितलेला.

माझ्या आधी मंदाबाई बोलायला उठल्या. चाळीसेक वर्षं यमूचे कपडे सांभाळणारी ही बाई. माइक कसा धरायचा तेही त्यांना कळत नव्हतं. म्हणाल्या, "त्या डब्याच्या सीनचं सांगते. दिग्दर्शकांनी लिहिलेलं, छाती बडवून रडायचं. यामिनीताई म्हणाल्या, मी एक बाई बघितलीय, ती रडली नव्हती. पण तिला विचारल्याशिवाय मी करणार नाही. मग ताई स्वतः जाऊन त्या काकूंना सेटवर घेऊन आल्या. त्यांची मुलगी शिक्षिका होती, ती शाळेत गेलेली असताना. काकूंनी डबा हातात घेतला आणि म्हणाल्या, असं न्हाई गं. आधी झाकणाच्या वाफेचं पाणी पुसायचं पदरानं. आणि भाकरी मोडू नगंस, कुस्कर. ताईंनी विचारलं, काकू, तुम्ही का जेवलात त्या दिवशी? तर म्हणाल्या, अगं, सगळ्या जन्मात त्या माणसानं कधी हे कर, ते कर म्हटलं न्हाई. त्या दिशी सकाळी म्हणाले, आज वांगं भर. आणि ते तसंच माघारी आलं. लोक उकिरड्यावर टाकाय निघालेले. मी कसं टाकू देईन?"

मंदाबाई पुढे म्हणाल्या, "जाताना काकूंनी ताईंकडून शब्द घेतला. आमच्या विजीला सांगू नगंस. तिला लाज वाटती माझी."

आणि लगेच निवेदकाने माझं नाव पुकारलं.

मी गेले. कागद पर्समध्येच राहिला. यमू अभ्यासात हुशार होती, स्वभावाने गोड होती, असलं काहीतरी दोन मिनिटं बोलले. तिच्याशी माझं भांडण होतं हेही बोलले नाही आणि मी तिला काय लिहिलं तेही बोलले नाही. टाळ्या झाल्या. मी त्या घेतल्या आणि खाली येऊन बसले. उचलली जीभ लावली टाळ्याला हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सुनावत आले, आणि जिथे खरंच जीभ उचलायची होती तिथे माझी दातखीळ बसली.

चहाच्या टेबलापाशी मंदाबाई माझ्याजवळ आल्या. "तुम्हीच विजू का?" मी मान हलवली. त्यांना अगदी कानकोंडं झालं. "मला माहीत असतं तर मी बोललेच नसते हो." मी विचारलं, "माझं पत्र तिला मिळालं होतं?" "मिळालं ना. मी ताईंना म्हटलं, एक ओळ लिहा, काकूंनीच दाखवलंय म्हणून. ताई म्हणाल्या, नको. ती आईसाठी चिडलीय. आईसाठी कधी चिडली नव्हती ती. राहू दे तिला तेवढं."

चाळीस वर्षं तिने मला तेवढं राहू दिलं. आई गेल्यावर शब्दाचं बंधन सुटलं होतं. जिन्यात बसल्या बसल्या ती एका वाक्यात मला गप्प करू शकली असती. पण ते सांगायचं तर आईचं 'तिला लाज वाटती माझी' हेही सांगावं लागलं असतं, आणि ते तिला माझ्या तोंडावर म्हणवलं नाही. मी आईच्या अब्रूसाठी भांडतेय असं समजत होते. कुठची आईची अब्रू! मला माझीच पडली होती. आईचं ते जेवणं भरलेल्या थिएटरात लोक श्वास रोखून बघत होते, कुणी हसत नव्हतं, कुणी नाव ठेवत नव्हतं. तिची लाज वाटून उठून गेलेली मी तेवढी एकटी होते.

आता जे वर लिहायचं टाळलं, ते लिहिते. त्या दिवशी मी नुसतीच उठून गेले नव्हते. जेवता जेवता आईने माझ्याकडे बघितलं होतं. एक घास केला, वांग्याच्या रश्शात बुडवला आणि माझ्यापुढे धरला. मीही सकाळपासून उपाशीच होते. मी म्हणाले, "शी! लाज नाही वाटत तुला?" सगळ्यांसमोर, मोठ्याने. दारातल्या यमूलाही ते ऐकू गेलं असणार.

सभेनंतर चार दिवसांनी, दुपारी, घरात कुणी नसताना मी तो सिनेमा मोबाइलवर लावला. झाकण उघडलं, तिने पदराने वाफेचं पाणी पुसलं, भाकरी कुस्करली. इथवर मी मंदाबाईंकडून ऐकलेलं होतं. मग पडद्यावर एक मुलगी दिसली, कोपऱ्यात बसलेली, दोन वेण्या घातलेली. यमूने घास केला आणि तिच्यापुढे धरला. आता ते वाक्य येणार. यमूने ऐकलंय म्हणजे तिने ते ठेवलेलंच असणार, आणि मी त्याच लायकीची आहे… ती मुलगी सरकत सरकत पुढे आली, आईला खेटून बसली आणि तिने तोंड उघडलं. घास घेतला. चावायला लागली.

मी मंदाबाईंना फोन लावला. एवढंच विचारलं, आईने हा सिनेमा बघितला होता का? "तीनदा," त्या म्हणाल्या. "ताईच त्यांना घेऊन यायच्या कल्याणला, दुपारच्या खेळाला. तुम्हाला देवीला जाते म्हणून सांगायच्या ना काकू? पण पुरा कधीच नाही बघितला. त्या घासापर्यंत बसायच्या, आणि मग ताईंचा हात धरून उठायच्या. 'खाल्लं तिनं,' म्हणायच्या. 'चल, जाऊ आता.'"