बरणीतली आवळासुपारी

पत्नी गेल्यावर तिच्या हातच्या आवळासुपारीची एकच बरणी घरात उरली. जेवणानंतर मी त्यातली एक फोड खायचो.

शेजारच्या बाई दुपारी दारात यायच्या. कधी बसायच्या नाहीत आणि एक मूठ नेहमी पदराखाली असायची.

"भाऊ, बरणी द्या. गच्चीवर ऊन दावते, न्हाई तर बुरशी लागंल."

"परवाच तर दाखवलंत."

"पुस्तकं वाचून आवळं टिकत न्हाईत," म्हणत त्या बरणी उचलायच्या.

पत्नी होती तेव्हा ती आणि बाई दोघी मिळून आळेफाट्याच्या बाजारातून आवळे आणायच्या. त्या हक्कानं बाई बरणीतल्या फोडी काढून घेत असाव्यात, असा मला संशय होता. म्हणून एकदा मागोमाग जाऊन जिन्याच्या दाराआड उभा राहिलो. त्यांनी फोडी ताटात पसरल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि पदराखालची मूठ उघडून आपल्या घरच्या फोडी त्यांत मिसळल्या.

मी आवाज न करता खाली आलो. बरणी परत देताना बाई म्हणाल्या, "लई टिकली बघा वहिनींची सुपारी!"

मी मान हलवली.

हल्ली फोड तोंडात धरून बराच वेळ बसतो. तिच्या हातची शेवटची फोड कधीच खाऊन झाली, की अजून बरणीत आहे, हे चवीवरून कळत नाही.